एसी गार हवा देत नाही? गॅस भरायला सांगण्याआधी एवढं तपासून बघा

जळगाव जिल्हा : यावल तालुक्यातील एका गावात एका शेतकऱ्याने दोन उन्हाळ्यात तीन वेळा एसीमध्ये गॅस भरून घेतला. दर वेळी अडीच-तीन हजार रुपये गेले. दर वेळी आठ-दहा दिवस बरी हवा आली आणि पुन्हा तेच. शेवटी आलेल्या कारागिराने गॅसची टाकी गाडीतून खालीही उतरवली नाही. घराच्या मागच्या बाजूला जाऊन आउटडोअरची पाठ बघितली, तर जाळीवर गव्हाच्या भुशाचा बोटभर थर! शेजारच्या खळ्यात दर मार्च महिन्यात मळणी यंत्र चालते, त्याचा सगळा उडालेला भुसा एसीने ओढून घेतला होता. पाण्याच्या नळीने अर्धा तास धुतले आणि त्याच संध्याकाळी खोली गार झाली. मग आधीचे तीन वेळचे पैसे कशाचे गेले, हा प्रश्न घरातल्यांना पडला तो पडलाच.

पूर्वी एसी म्हणजे तालुक्याची बँक नाहीतर डॉक्टरांचा दवाखाना. आता हप्त्यावर मिळायला लागल्यापासून गावोगावी स्लॅबच्या घरावर आउटडोअर दिसते. पण दुरुस्तीवाला मात्र अजून तालुक्यालाच असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४४-४५ वर गेला की त्याचा फोन लागत नाही, लागला तर 'परवा येतो' म्हणतो. आला की घाईत असतो. आणि घाईतल्या माणसाचे सगळ्यात सोपे उत्तर एकच असते, 'गॅस कमी झालाय'.

गॅस 'संपतो' का?

नाही. मोटारसायकलचे पेट्रोल किंवा स्वयंपाकाचा सिलिंडर जसा वापरून संपतो, तसा एसीचा गॅस संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. घरातल्या युनिटमध्ये तो खोलीची उष्णता शोषून घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. पुन्हा तोच गॅस आत येतो. म्हणजे एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. विहिरीतले पाणी मोटारीने वर फेकावे तसे. हे एक डोक्यात बसले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

नळी कुठे गळत नसेल तर तोच गॅस दहा वर्षेसुद्धा चालतो. आणि गॅस खरोखर कमी झाला असेल, तर याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटलेली पाइपलाइन तशीच ठेवून मोटार जास्त वेळ चालवणे. पाणी दिसते, पण पिकापर्यंत पोहोचत नाही.

आधी घरातल्या घरात बघायचे

रिमोटवर बर्फाच्या फुलाचे चिन्ह आहे का, ते बघा. पाण्याच्या थेंबाचे चिन्ह असेल तर मशीन 'ड्राय'वर आहे, पंख्याचे असेल तर नुसता पंखा चालतोय. लहान मुलांच्या हाती रिमोट गेला की हे हमखास होते. काही मॉडेलमध्ये खोलीचे तापमान रिमोटमधूनच मोजण्याची सोय असते. ती चालू असेल आणि रिमोट एसीच्या झोताखाली पडला असेल, तर मशीनला वाटते खोली गार झाली. 'स्लीप'चे बटण दाबले गेले असेल तर रात्री तापमान आपोआप एक-दोन अंश वर जाते, बिघाड नसतो.

नंतर फिल्टर. आतल्या युनिटचे झाकण वर उचलले की दोन जाळ्या निघतात. शहरात महिन्याने धुवा म्हणतात, पण कच्च्या रस्त्याच्या कडेला किंवा जिनिंगच्या आसपास घर असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनीच धुवायला हव्यात. साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायच्या. उन्हात टाकल्या तर वाकतात आणि मग खाचेत बसत नाहीत. फिल्टर काढून तसाच एसी चालवणारेही आहेत, 'हवा जास्त येते' म्हणून. हवा येते, पण सगळी धूळ मागच्या कॉइलच्या पत्र्यांत जाऊन बसते आणि ती काढायला मग कारागीरच लागतो.

आतल्या कॉइलवर बर्फ जमलेला दिसला तर एसी लगेच थांबवा आणि नुसत्या पंख्यावर दोन-तीन तास चालू ठेवा. चाकू, स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, नळीला भोक पडले तर मग खरंच गॅस जाईल. बर्फ वितळल्यावर फिल्टर धुवून पुन्हा चालवा. पुन्हा बर्फ आला तरच पुढचा विचार करायचा.

खरे दुखणे बऱ्याचदा बाहेर असते

आउटडोअर युनिट मागून आणि बाजूने हवा ओढते आणि पुढून गरम हवा फेकते. ही हवा मोकळी गेली पाहिजे. गावातल्या घरात नेमके इथेच चुकते. चोरीच्या भीतीने युनिटला चारी बाजूंनी पत्र्याची पेटी केलेली असते. कुठे दोन घरांच्या मधल्या दीड फुटी बोळात बसवलेले असते. कुठे त्याच्या तोंडासमोरच सरपण किंवा कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात. फेकलेली गरम हवा फिरून परत मागून आत ओढली जाते. बाहेर ४४ अंश असले तरी मशीनला मिळणारी हवा मग पन्नासच्या पुढची असते. कॉम्प्रेसर ताणात येतो, वीज जास्त खातो आणि शेवटी तापून स्वतःच बंद पडतो. थोडा निवला की पुन्हा सुरू. घरातल्यांना वाटते एसी 'मध्येच गार, मध्येच गरम' हवा देतो.

चोरीची भीती खोटी नाही, पण पेटीऐवजी मोठ्या चौकोनाची लोखंडी जाळी करावी. मागे भिंतीपासून किमान फूटभर जागा आणि पुढे चार-पाच फूट मोकळे ठेवावे. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक मॉडेलचे अंतर दिलेले असते, तेच धरावे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असेल तर वरून फूट-दीड फुटावर सावलीचा पत्रा टाकायला हरकत नाही. युनिटवर ओले गोणपाट टाकण्याची युक्ती मात्र काही जण करतात, ती करू नये. हवा अडते आणि आत विजेचे भाग असतात.

आपल्या भागात आउटडोअर घाण व्हायचे तीन मोसम आहेत. गहू-हरभरा मळणीचा फेब्रुवारी-मार्च, वावटळीचा एप्रिल-मे आणि कापूस वेचणीनंतरचा हिवाळा, जेव्हा घरात साठवलेल्या कापसाची तूस उडत राहते. ही तूस पत्र्यांवर चादरीसारखी बसते, हाताने ओढली तर पापुद्रा निघतो. म्हणून मळणी उरकली की, म्हणजे मार्चअखेर, एकदा धुणे सगळ्यात फायद्याचे. दिवाळीत धुतलेले एप्रिलपर्यंत पुरत नाही.

धुताना आधी एसीचा एमसीबी खाली पाडा, नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. पाच-दहा मिनिटे थांबा. साध्या नळीने, बेताच्या धारेने मागच्या बाजूचे पत्रे वरून खाली धुवा. फवारणीचा एचटीपी पंप लावू नका. त्याच्या दाबाने ॲल्युमिनियमच्या बारीक पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. असे धुतलेले युनिट बघितले तर दाढी उलटी केल्यासारखे दिसते. विजेच्या वायरी जोडलेल्या असतात त्या बाजूला पाणी मारायचे नाही. पूर्ण वाळल्यावरच एमसीबी वर करायचा. युनिट गच्चीच्या बाहेर किंवा उंच भिंतीवर असेल तर मात्र हा उद्योग स्वतः करू नका, पोराला तर मुळीच चढवू नका.

गोठा आणि आउटडोअर शेजारी-शेजारी असतील तर आणखी एक अडचण येते. शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया ओलाव्यासोबत तांब्याला खातो. नळ्या हिरवट-काळसर पडतात आणि काही वर्षांत बारीक गळती सुरू होते. अशा ठिकाणी वारंवार गॅस भरण्यापेक्षा युनिट दुसऱ्या भिंतीवर हलवणे स्वस्त पडते.

विजेचा दाब बघितल्याशिवाय एसीला दोष देऊ नका

संध्याकाळी सात ते अकरा. गावातला प्रत्येक पंखा, कूलर, फ्रिज आणि आता एसी एकाच डीपीवर. २३० व्होल्ट यायला पाहिजेत, तिथे १७०-१८० येतात. साध्या म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर एवढ्यावर उचलत नाही. बाहेरून 'हूंऽऽ' असा आवाज येतो, पाच-दहा सेकंदांनी 'टक्' होते आणि थांबतो. आतला पंखा मात्र चालूच राहतो, म्हणून हवा येते पण साधी. हीच तक्रार 'गॅस संपला' म्हणून सांगितली जाते.

हाच 'हूं-टक्' पूर्ण व्होल्टेज असतानाही होत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो काही शे रुपयांचा भाग आहे, तेव्हा 'कॉम्प्रेसरच गेला' हे ऐकल्यावर लगेच हजारो रुपये मोजू नका. आधी कपॅसिटर मीटरवर मोजून दाखवायला सांगा.

इन्व्हर्टर एसी कमी दाबावरही चालतो, हे खरे. पुष्कळ कंपन्या 'स्टॅबिलायझर लागत नाही' म्हणून विकतात. पण किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते पुस्तकात लिहिलेले असते. ते वाचावे आणि आपल्या घरी संध्याकाळी किती येतात ते मोजावे. गावातली वीज त्या हद्दीच्या बाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर लागतोच. इन्व्हर्टर एसीतले इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले तर खर्च मोठा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर याच कार्डात पाल शिरून शॉर्ट होते, हेही कारागिरांच्या रोजच्या बघण्यातले आहे.

मोजायचे कसे? अडीच-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर मोटार-स्टार्टरची कामे करणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांकडे असतो. मोजणे मात्र ज्याला सवय आहे त्यानेच करावे, नाहीतर गावातल्या इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एसी बंद असताना आणि नंतर एसी चालू असताना, दोन्ही वेळा मोजायचे. मीटरजवळ २२० आणि एसीच्या बोर्डावर चालू असताना १९५ येत असतील तर दोष घरातल्या वायरिंगचा. दीड टनाच्या एसीला तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि चांगली अर्थिंग पाहिजे. पंख्याच्या लाइनवरून वायर ओढून एसी चालवणारी घरे कमी नाहीत. तिथे प्लग गरम होतो, काळा पडतो आणि एक दिवस पेटतो. प्लगला हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त गरम लागला तर आजच बदला.

मीटरजवळच दाब कमी येत असेल तर तक्रार महावितरणची. १९१२ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. सोबत आपल्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय, तेही बघावे. बऱ्याच जुन्या जोडण्यांवर अर्धा किंवा एक किलोवॅट असतो आणि दीड टनाचा एसी एकटाच साधारण दीड किलोवॅट घेतो. भार वाढवून घेतला नाही, तर डीपीवर खरी किती गरज आहे हे कागदावर कधी दिसतच नाही आणि मोठा डीपी मागायला आधार राहत नाही. आकडा टाकून एसी चालवणाऱ्यांमुळे सगळ्या गल्लीचा दाब पडतो, हे सगळ्यांना माहीत असते, बोलत कोणी नाही.

एखाद्या रात्री काही घरांत बल्ब मंद आणि काहींत एकदम लख्ख झाले तर एसी, फ्रिज, टीव्ही सगळे तातडीने बंद करा. डीपीचा न्यूट्रल सुटल्याची ती खूण असते. अशा वेळी काही घरांत ३०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात.

लाईट गेली आणि लगेच आली, तर नॉन-इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला तीन मिनिटे विश्रांती लागते. स्टॅबिलायझर किंवा एसीतच ही वेळ ठरवलेली असते. 'लाईट आली तरी गार होत नाही' म्हणून लगेच बटणे दाबत बसू नये.

थर्मामीटरची साधी परीक्षा

मशीन खराब आहे की खोली, हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. खोलीतले तापमान दाखवणारा थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही. पोल्ट्रीवाल्यांकडे असतो तसला चालतो. एसी १८ वर लावा, पंखा पूर्ण वेगात, दारे-खिडक्या बंद, पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग एसी जिथून हवा आत ओढतो, म्हणजे वरच्या बाजूला, तिथले तापमान बघा. नंतर जिथून झोत बाहेर येतो तिथले. वर चढताना स्टुलावर नीट उभे राहा आणि थर्मामीटर पात्यांत घालू नका.

दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक आला तर मशीन ठीक आहे, गॅसही ठीक आहे. म्हणजे वर ३४ आणि झोतात २४ असेल, तर २४ बघून 'गार नाही' म्हणू नका, मशीन आपले काम करतेय. तरी खोली निवत नसेल तर दोष खोलीचा. फरक पाच अंशांच्या आत राहिला, आणि फिल्टर, आउटडोअर, व्होल्टेज सगळे आधीच तपासून झाले असेल, तर मात्र कारागिराला बोलवायची वेळ झाली.

फरकाचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कामाला येतो.

मशीन चांगली, खोलीच तापलेली

एक टन म्हणजे एसीचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उचलण्याची ती ताकद, साधारण साडेतीन किलोवॅट. ही ताकद कंपनी बाहेर ३५ अंश धरून मोजते. बाहेर ४५ असले की तीच मशीन कमी उष्णता उचलते आणि नेमकी त्याच वेळी खोलीत उष्णता जास्त शिरत असते. म्हणून मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक टनाच्या एसीने पत्र्याच्या खोलीत २४ अंश मागणे चुकीचे आहे.

वरच्या मजल्याचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री दहा-अकरापर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून 'दुपारपेक्षा रात्री जास्त गरम होते' हे म्हणणे खोटे नसते. स्लॅबवर चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला तर फरक हाताला जाणवतो. पत्र्याची खोली असेल तर खाली फॉल्स सीलिंग, निदान थर्माकोलचे किंवा फोमचे अस्तर केल्याशिवाय एसी घेऊच नये. जुन्या धाब्याच्या घराला एवढे ताप नसतात. त्या मातीच्या जाड थरातून दुपारची धग आत यायलाच रात्र होते. अशा घरात एक टनाचा एसीसुद्धा मोठा वाटतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एसी पुरत नाही म्हणून त्याच खोलीत कूलरही चालू करतात! कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो, एसी हवेतले पाणी बाहेर काढतो. एक विहीर भरतो, दुसरा उपसतो. एसीची बरीच ताकद ते पाणी काढण्यात जाते आणि खोली चिकचिकीत होते. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरियर या इंजिनियरने पहिली यंत्रणा बनवली तीच मुळी छापखान्यातला दमटपणा काढायला, माणसांना गार करायला नव्हे. कूलर लावायचा तर खिडकी उघडी आणि एसी बंद. एसी लावायचा तर कूलर बंद, आणि कूलरसाठी खिडकीत ठेवलेले भोक पुठ्ठा-कापडाने नीट बुजवलेले. छताचा पंखा हळू चालू ठेवायला मात्र हरकत नाही.

'एसीच्या नळीतून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस गेला' ही दुसरी समजूत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की काढायला पाणीच नसते. थेंब-थेंब पडले तरी पुरे. तीच मशीन जूनमध्ये पाऊस जवळ आला की बादली भरते.

एसी १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, साधा कॉम्प्रेसर २४ वरही तेवढ्याच जोराने चालतो. फक्त थांबत नाही आणि बिल वाढते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर लावला तर वीज सुमारे ६ टक्के वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी २४ वरच सुरू होतात, ते याचसाठी.

मग गॅस खरंच गेला, हे कशावरून?

आउटडोअरला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक आणि एक जाड. एसी पंधरा मिनिटे चालल्यावर बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये दोन्ही गार लागायला पाहिजेत. बारीक नळीवर बर्फाची पांढरी साय आणि जाड नळी कोमट, असे असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. नटाच्या जोडावर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर गळती बहुधा तिथेच. गारवा एका रात्रीत गेला नसून पंधरा-वीस दिवसांत हळूहळू कमी झाला, हीही गळतीची खूण. नळ्यांचे फोम फाटले असेल तर तेही बदलून घ्या, उन्हात गारवा तिथेच जातो.

गॅस भरायचाच असेल तर समोर उभे राहून चार गोष्टी करून घ्या. आउटडोअरच्या पाटीवर गॅसचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. आर-२२, आर-४१०ए, आर-३२, आर-२९० यांतला जो असेल तोच भरला पाहिजे, 'हाही चालतो' हे चालत नाही. आधी गळती शोधली पाहिजे, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने. नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब द्यायला निघाला तर जागेवर थांबवा. आतल्या तेलाशी ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप निदान वीस मिनिटे-अर्धा तास लावला पाहिजे, नाहीतर नळीत हवा आणि ओल राहते. आणि शेवटी गॅस काट्यावर मोजून भरला पाहिजे. दीड टनाच्या आर-३२ च्या एसीत सगळा मिळून बहुतेक वेळा एक किलोच्या आतच गॅस बसतो. कापूस मोजताना काट्याकडे आपण डोळा लावून बसतो, मग किलोमागे एवढे पैसे मोजतो तो गॅस अंदाजाने का घ्यायचा? बिलावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहून घ्या. कॉम्प्रेसरची वॉरंटी पुष्कळदा पाच किंवा दहा वर्षांची असते, तेव्हा बाहेरच्या कारागिराने हात लावण्याआधी कार्ड शोधा.

आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तर स्वयंपाकाच्या गॅससारखाच. काम चालू असताना जवळ बिडी-सिगारेट, चूल, देवापुढचा दिवा नको. घरातल्यांनी आउटडोअरचे झाकण कधीच उघडू नये. वीज बंद असली तरी कपॅसिटरमध्ये साठलेला झटका बसतो.

कारागीर येईपर्यंत

मे महिन्यात तीन-चार दिवस वाट बघावी लागते, आणि बऱ्याच घरांत एसी घेतलेलाच असतो आजारी आई-वडिलांसाठी नाहीतर तान्ह्या बाळासाठी. त्यांना त्या दिवसांत वरच्या मजल्यावर ठेवू नका. खालची, उत्तरेची खोली किंवा शेजारचे धाब्याचे घर बघा. दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या जाड पडद्याने बंद, रात्री सगळ्या उघड्या. जुना कूलर बाहेर काढून पुसा, आपल्या कोरड्या हवेत तो चांगले काम करतो. खोली चाळिसाच्या वर तापली असेल तर नुसत्या पंख्याचा उपयोग होत नाही, उलट गरम वारा अंगावर येतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. ताक, लिंबू-पाणी, ओआरएस तहान नसली तरी थोडे-थोडे देत राहा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारा. म्हातारे माणूस बरळायला लागले, अंग भाजल्यासारखे गरम लागले किंवा हाक मारल्यावर नीट उत्तर देईना, तर एसीवाल्याचा नाही, आधी १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून अंगावर पाणी टाका आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.